हद्दीखालचा कोळसा

सकाळी सात वाजता तानाजीला काट्यावर उभं केलं, काटा थरथरून एकोणसत्तरावर थांबला, आणि त्याला हसूच फुटलं. चौदा वर्षांमागं ह्याच काट्यानं त्याला पासष्ट दाखवला होता. म्हणजे उद्या पहाटे फासावर चढायचं, आणि गडी निघाला तो चार किलो अंगाला लावून! सरकारचा भात-सांबार मानवला म्हणायचा. हसला तो एकटाच. डॉक्टरानं आकडा लिहिला, खोडला आणि पुन्हा तोच लिहिला. जेलचे साहेब भिंतीवरच्या कॅलेंडराकडं टक लावून बघत राहिले, आणि त्यात बघण्यासारखं तरी काय, तर एक पेंडीची पिशवी आणि एक गाय. ह्या जेलात असलं काम आजवर कधी झालंच नव्हतं. त्यामुळं आठवडाभर सगळ्यांची तारांबळ उडाली होती. आचारी भाजीत दोनदा मीठ टाकत होता. शिपाई आपापसांत भांडत होते आणि तानाजीशी मात्र, सासरी निघालेल्या पोरीशी बोलावं तसं, हळू बोलत होते. ह्या बिचाऱ्यांना कुणीतरी धीर द्यायला पाहिजे, असं त्याला वाटलं. काट्यावरून उतरून तो डॉक्टराला म्हणाला, "बसा की साहेब. घोटभर पाणी प्या."

माणसाला धान्यागत का जोखतात, हे न कळायला तो काही दूधखुळा नव्हता. तो आकडा दोरीसाठी होता. तरी कोठडीकडं परत येताना त्याच्या डोक्यात दोरी नव्हती, दुपारचे दोन होते. दोन वाजता विजयश्री येणार होती. त्याची एकुलती एक लेक, भालकीच्या शाळेत मास्तरीण. एक तास मिळणार होता, आणि त्या तासात तिला एक गोष्ट सांगायची होती, जी त्यानं वकिलाला सांगितली नव्हती, जज्जाला नव्हती, बायको जिवंत होती तोवर तिलाही नव्हती. सांगितली तर लेकीच्या मनातला बाप मरणार. न सांगितली तर उद्या नुसता तानाजी मरणार आणि ते खोटं मात्र खुशाल जगणार. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं ठरवलं होतं, सांगायचंच. तेव्हापासून त्याला झोप लागत होती, जेवण गोड लागत होतं, आणि खिडकीतून येणारा रिक्षांचा गलकासुद्धा बरा वाटत होता. चमत्कारिकच म्हणायचं, पण होतं तसं होतं. गुलबर्ग्यात चौदा वर्षं काढली आणि हे शहर त्यानं फक्त कानानं पाहिलं. पहाटेची बांग, मग दुधाच्या गाड्या, मग शाळेची घंटा, मग दुपारभर कुठंतरी फरशी कापणारं यंत्र. त्या यंत्राला तो आधी शिव्या घालायचा. अलीकडं ते बंद पडलं की त्याला चुकल्यासारखं व्हायचं.

गोष्ट एका दगडाची होती. निंबर्ग्याच्या शिवारात तानाजीचं रान आणि चुलतभाऊ भगवानरावचं रान शेजारी शेजारी, मधे बांध, बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड. आज्यानं वाटण्या केल्या तेव्हा पंचांनी तो रोवला होता. त्या भागात दगड नुसता रोवत नाहीत. आधी खड्ड्यात टोपलीभर कोळसा आणि फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या टाकतात, वर माती, मग दगड. दगड काय, रात्रीतून कुणीही सरकवील. पण खालच्या कोळशाची आठवण कुणाला राहते? कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, नांगराच्या फाळाखाली तो येत नाही. शंभर वर्षांनी उकरा, तो आपला जागच्या जागी, काळाच्या काळा. भगवानराव म्हणायचा, "तान्या, तुझ्या बापानं दगड माझ्या रानात सारलाय." तानाजी म्हणायचा, "तूच सारलास." तानाजीच्या बापानं, आप्पारावानं, मरताना लेकाचा हात धरून एवढंच सांगितलं होतं, की दगड हलू द्यायचा नाही. मरत्या माणसाचा शब्द, त्यात लेकानं खोट कशाला बघावी? अशी वीस वर्षं तोंडातोंडी चालली, आणि तरी येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अवसेला, सगळा गाव रानात जेवायला जायचा तेव्हा, भगवानराव कडब्याच्या कोपीपाशी, त्या दिवसापुरत्या उभारलेल्या खोपटापाशी, उभा राहून बांधापलीकडं हाक मारायचाच, "तान्या, ये रे आंबील प्यायला. भांडण उद्या करू." येळवशीला रानातनं कुणाला उपाशी जाऊ देत नाहीत, मग वैरी का असेना. तानाजीही जायचा. नागूवहिनी, भगवानरावची बायको, वाटीभर भज्जी, येळवशीची मिसळभाजी, जास्तीच वाढायची आणि वर टोमणाही मारायची, "खावा भावजी. आमच्याच रानातलं हाय, तिकडचं बी आन् हिकडचं बी."

त्या वर्षी येळवस होऊन चार दिवस झाले होते. कोप अजून उभी होती, तूर कंबरेच्या वर गेलेली, शेंगा वाळून खुळखुळायला लागलेल्या. तानाजी बाभळीच्या फांद्या छाटायला कुऱ्हाड घेऊन गेला होता. बघतो तर भगवानराव आणि त्याची दोन्ही तरणी पोरं दगड उपसून बसलेली. "बघ," भगवानराव म्हणाला, "ये, तुझ्या डोळ्यानं बघ. खाली कोळसं न्हाईत." खड्ड्यात नुसती काळी माती होती. मग भगवानराव टिकाव घेऊन तानाजीच्या रानात शिरला, बाभळीपासून उगवतीकडं पावलं मोजत गेला, आणि तिथं उकरू लागला. तानाजी कुऱ्हाड घेऊन मागं गेला. त्याला आतून माहीत होतं की काही निघणार नाही, आणि आतून हेही माहीत होतं की निघणार. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच डोक्यात कशा मावतात, ह्याचा विचार करायला पुढं त्याला चौदा वर्षं मिळाली. हातभर खोल गेल्यावर टिकावाला खापरी लागली. भगवानरावानं खाली वाकून मूठ भरली, वर आला, हात पुढं केला. तळहातावर कोळसा होता. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची मस्तीसुद्धा नव्हती, उलट जरा ओशाळल्यासारखंच झालं होतं त्याला. तो म्हणाला, "जाऊ दे तान्या. तुला बिचाऱ्याला काय ठावं. तुझा बाप चोर हुता."

बस्स. एवढंच. चोर नसलेल्या बापाची बाजू घ्यायला हातात कुऱ्हाड लागत नाही. चोराची घ्यायची तर लागते. भगवानराव पडला, थोरला मधे आला तो पडला, आणि धाकटा संगमेश तुरीतून पळत सुटला. त्याच्या मागं तानाजी गेला. ह्याच ठिकाणी जज्जसाहेबांनी बोट ठेवलं होतं, आणि बरोबर ठेवलं होतं. दोन माणसं रागात गेली म्हणता येईल. तिसऱ्यासाठी तो धावला होता, दम लागेपर्यंत धावला होता, आणि त्या धावण्यात वाटेत थांबायला जागा होती. शेंगांचा खुळखुळाट दोन माणसांचा होता, मग एकाचा झाला. परत येऊन त्यानं सगळ्यात आधी काय केलं, तर कोळशाचा खड्डा हातांनी बुजवला, वर पाय देऊन चोपला, काटक्या पसरल्या, भगवानरावच्या मुठीतला कोळसासुद्धा सोडवून आत टाकला. मग आळंदच्या ठाण्यावर स्वतः चालत गेला. तिथं सांगितलं, "माझा बांध कोरला त्यानी. दगड उपसून टाकला. माझ्यानं राहावलं न्हाई." उपसलेला दगड पुरावा म्हणून होताच. लोकांनीही मान डोलावली, की राग खरा होता, हात वाईट चालला. अपिलं झाली, दिल्लीहून दयेचा कागद परत आला, आणि ह्या सगळ्या उलथापालथीत त्या खड्ड्याचं नाव कुणी काढलं नाही.

विजयश्री तेव्हा अकरा वर्षांची होती. आई पाच वर्षांनी गेली, मामानं भालकीला नेऊन वाढवली. वर्गातल्या पोरी खुन्याची पोर म्हणायच्या तेव्हा ती ताठ उभी राहून सांगायची, "माझ्या अप्पाची जमीन लाटली होती." एवढ्या एका वाक्यावर पोर मोठी झाली, डी.एड. झाली, पगाराला लागली. आणि पगारातून काय केलं, तर बांधाचा दावा चालवला! दर तारखेला भालकीहून आळंदला, दोन गाड्या बदलून. समोरून नागूवहिनी यायची, काठी टेकत, एकटी. कोर्टाच्या पायरीवर दोघी तोंड फिरवून बसायच्या. मागच्या भेटीत जाळीला बोटं अडकवून विजयश्री म्हणाली होती, "अप्पा, तुमास्नी वाचवायला न्हाई जमलं मला. पर दावा सोडत न्हाई. मी मेले तरी सोडत न्हाई." त्या रात्री तानाजीला समजलं, की आपण पोरीला वारसा म्हणून काय देऊन चाललोय. आपल्या बापानं आपल्याला दिलं, नेमकं तेच.

दुपारी बाबूलाल जेवण घेऊन आला. बाबूलाल चिंताकीचा, बौद्धाघरचा, पिकल्या मिशांचा शिपाई, दोन वर्षांत निवृत्त होणारा. साऱ्या जेलात कानडी. मराठी बोलायला हे दोघंच, म्हणून चौदा वर्षं ते एकमेकांना धरून होते. "खावा काका," तो म्हणाला. "आज मीठ मीच बघितलोय." तानाजी मन लावून जेवला. कांद्याची फोड दाताखाली करकरली, जिभेला झोंबली, आणि एवढ्याशा गोष्टीनं त्याला इतकं समाधान वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. तीन माणसं मारलेल्याला कांदा गोड लागावा का? पण लागत होता. बाबूलाल दाराशी उकिडवा बसून त्याच्याकडं बघत होता. "काका, भ्या वाटत न्हाई का?" त्यानं शेवटी विचारलंच. "वाटतंय की," तानाजी म्हणाला. "पर त्याचा नंबर दोनाच्या नंतर हाय. आधी पोरीचं भ्या."

आज जाळी नव्हती. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात बाबूलाल. विजयश्री आली ती रडून डोळे कोरडे करून आली होती. तिनं त्याचे हात धरले, उलटसुलट करून पाहिले, नखं कापलेली आहेत की नाहीत तेही पाहिलं. "उद्या मी हितंच हाय," ती म्हणाली. "तुमास्नी घेऊनच गावाला जाणार. मामा गाडी सांगायलाय." मग तिनं दाव्याचं काढलं, पुढची तारीख, नवा वकील, मोजणीवाले. ती बोलत होती आणि तानाजीला दिसत होतं, की हे ती स्वतःला सावरायला बोलतेय, बुडत्यानं ओंडका धरावा तसा तो दावा धरलाय. आणि आपण तोच काढून घ्यायला बसलोय. अर्धा तास असाच गेला. बाबूलालनं घड्याळाकडं बघून न बघितल्यासारखं केलं, तेव्हा तानाजी एकदम म्हणाला, "विजू, दगड तुझ्या आज्यानं सारला हुता."

ती थांबली. "कोण म्हनतंय?"

"मीच म्हनतोय. खरी जागा आपल्या रानात हाय. खाली कोळसं हाईत. भगवान्यानं त्या दिशी उकरून काढला, माझ्या म्होरं धरला. मी बघितलो. बघितलो म्हनूनच मारलो. बांध कोरला म्हनून न्हाई. मग खड्डा बुजवलो आन् ठाण्यावर गेलो."

विजयश्रीनं हात काढून घेतले. खोलीत पंखा फिरत होता, त्याचं एक पातं कुरकुरत होतं, आणि तानाजीला वाटलं, की आता ही उठून जाईल, आणि गेली तर बरोबरच आहे. ती उठली. दारापर्यंत गेली. बाबूलालनं अंग चोरलं. ती परत फिरली, आणि आवाज चढवून नव्हे, अगदी हळू म्हणाली, "मी कोर्टाच्या पायरीवर त्या म्हातारीला तोंड फिरवून बसले. चार वर्षं. एकदा ती पडली पायरीवरनं, अप्पा. मी उचलले न्हाई. कामून सांगितलाव? कामून आज?"

"उद्या सांगता येत न्हाई म्हनून," तानाजी म्हणाला.

ती भिंतीला कपाळ लावून उभी राहिली. तानाजीला उठून तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण तो हात कुठला, हे दोघांनाही आत्ताच नव्यानं कळलं होतं, म्हणून तो बसून राहिला. ह्याच्या बापाला चोर म्हटलं तर ह्यानं तीन माणसं पाडली. तिला तर बापानं स्वतःच्या तोंडानं स्वतःला खोटारडा म्हणून सांगितलं होतं. आता ती काय करते? विजयश्रीनं ओढणीनं तोंड पुसलं आणि शाळेत पोरांना विचारतात तशा आवाजात विचारलं, "कुठं?"

"बाभळीपासून सरळ उगवतीला. अकरा पावलं."

"कुणाची पावलं?"

"माझी. भगवान्याची आन् माझी उंची एकच."

"तुमची पावलं मी कुठनं आणू?" असं ती म्हणाली, आणि मग तिनंच वाट काढली. "चाला," ती म्हणाली. "उठा. चाला हितं." तो चालला. दोन पावलं टाकल्यावर तिनं त्याला तसंच उभं केलं, एक पाय पुढं, एक मागं, फरशीवर गुडघे टेकले आणि ओढणी एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत ताणून गाठ मारली. तिचं डोकं त्याच्या पायाशी होतं. ती पाया पडली नाही, पण गाठ मारताना तिचा एक हात त्याच्या पावलावर राहिला होता. बाबूलालनं "अक्का, टाइम झालं," म्हटलं तेव्हाच तो हात निघाला. ती गाठ मुठीत धरून गेली.

तानाजी कोठडीकडं निघाला तेव्हा पिसासारखा हलका झाला होता. ओसरलं सगळं. आता उद्या आज असतं तरी त्याची ना नव्हती. ओठांवर अजून ते अकरा पावलांचं चाललं होतं, म्हणून सहज, चाळा म्हणून, तो बोळातली पावलं मोजत गेला. कोठडीच्या दाराशी चव्वेचाळीस भरली. आणि तो जागीच थिजला. पहिल्या वर्षी, सगळंच मोजायचं वेड होतं तेव्हा, हाच बोळ ह्याच पायांनी एकतीस भरला होता. आठ फुटांच्या खोलीत चौदा वर्षं तीन पावलं जा, तीन पावलं ये. पाऊल आखडलं होतं, आणि ज्याचं त्यालाच कळलं नव्हतं! ढेकळं तुडवत जाणारी ती ढांग कधीच गेली होती. ही गाठ कैद्याच्या पावलाची होती. अकरा गाठी मोजून पोर उकरणार, तीन पावलं अलीकडं. निघणार माती. नुसती काळी माती. मग नागूवहिनी म्हणणार, बाप मरतानाही खोटंच बोलून गेला. आणि विजू काय म्हणणार? विजू काहीच म्हणणार नाही. आयुष्यभर.

"बाबूलाल!" तो ओरडला. सबंध चौदा वर्षांत तो असा ओरडला नव्हता. दोन शिपाई काठ्या घेऊन धावले. सकाळपासूनचं शहाणपण, ते डॉक्टराला पाणी पाजणं, सगळं कुठल्या कुठं गेलं. गजांना धरून तो लहान पोरागत हुंदके देऊ लागला. "तिला बोलवा. एक मिनिट. पाऊल चुकलं, बाबूलाल, पाऊल लहान हाय, पंधरा न्हाईतर सोळा म्हन तिला, व्हय, सोळा, न्हाई, मला नीट सांगू दे." दुसरी भेट कायद्यात बसत नव्हती. बाबूलालनं तसं सांगितलं, मग त्याच्या तोंडाकडं पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून काखेत मारली आणि बाकीच्यांना म्हणाला, "मी च्या प्यून येतो." तो गेला. तानाजीनं वाट पाहिली. फाशीची वाट बघणं काय बघणं, वाट बघणं म्हणजे काय हे त्याला त्या अर्ध्या तासात समजलं. बाहेर फरशीचं यंत्र चालू होतं. शाळा सुटल्याचा गलका आला आणि गेला. ती मामाच्या गाडीत बसली असेल. ती लॉजवर गेली असेल. तिनं ओढणी गटारीत फेकली असेल, आणि तसा तिला हक्कच आहे. त्यानं भिंतीला पाठ लावून, जमेल तेवढी मोठी ढांग टाकून पाहिली. मांडीत चमक भरली. पाय तेवढा पसरेचना.

बाबूलाल आला तो धापा टाकत आला. गेटाबाहेर लिंबाखाली सापडली म्हणाला. कुणाशी तरी फोनवर बोलत होती, मोठ्यानं, रडत, भांडत. "कुणाशी?" तानाजीनं विचारलं. "नागूकाकी, नागूकाकी, म्हनायली हुती. तिकडनं म्हातारी लई बोलायली हुती. मला बी ऐकू यायल्त्या शिव्या. पोरीनं फोन ठिवला न्हाई, सगळं ऐकून घेतली."

"आन् पावलाचं? पावलाचं सांगितलास का?"

"सांगितलो की. हसली काका ती. रडता रडता हसली. म्हनली, अप्पाला सांगा, पावलाचं काय घेऊन बसलाव. मी सापडंस्तवर उकरते. बाभळीपासनं येशीपातूर उकरीन. आन् एकटी न्हाई उकरत, नागूकाकीला म्होरं उभं करून उकरते."

तानाजी खाली बसला. भिंत पाठीला गार लागत होती, उन्हाची तिरीप पायावर आली होती. चौदा वर्षं डोळे मिटले की त्या जागेवर त्याला तीन माणसं पडलेली दिसायची. आत्ता डोळे मिटले तर तीन माणसं होतीच, ती कुठं जाणार. पण त्यांच्या अलीकडं दोन बायका उभ्या होत्या. एक ओढणी कमरेला खोचून टिकाव मारत होती. दुसरी काठीवर रेलून शिव्या मोजत होती, अस्सल निंबर्ग्याच्या, बापापासून आज्यापर्यंत, एकही न गाळता. त्या सगळ्या त्यालाच होत्या. तो ऐकत बसला.